शेवटून पहिली: पसरणी, आंबेनळी, वरंधा

सायकलच्या सामूहिक राइडवर लिहितात ती बहुधा पुढं असणारी मंडळी. ती पोचतात तेव्हा केळी शिल्लक असतात, मिसळीला तर्री असते, फोटोवाला ताजातवाना असतो. मग 'आयोजन अप्रतिम!' एवढं लिहून ती मोकळी होतात. मी मागं असते. वय एक्कावन्न, चिंचवडला औषधांचं दुकान, सायकल हायब्रीड, वेग जो आहे तो आहे. तेव्हा डिसेंबरातल्या पुणे–महाबळेश्वर–महाड–भोर या तीन दिवसांच्या घाटराइडचं हे परीक्षण पार शेपटाकडून केलेलं आहे. आयोजकांचं नाव देत नाही. थंडीत या मार्गावर माणसं नेणारे गट बरेच आहेत आणि माझं म्हणणं त्यातल्या बहुतेकांना लागू पडावं.

फी साडेआठ हजार. त्यात दोन मुक्काम, जेवणखाण, सामानाचा टेम्पो, मेकॅनिक, वाटेत देखरेख करणारे मार्शल, भोरहून पुण्याला परत आणणारी बस आणि सायकलींसाठी ट्रक. वर टी-शर्ट आणि मेडल.

आधी मार्गाबद्दल, कारण तो आखणाऱ्याला माझे पैकीच्या पैकी गुण. पहिल्या दिवशी कात्रज, खंबाटकी, मग सुरूर फाट्यावरून वाई आणि पसरणी घाटानं पाचगणी-महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून पोलादपूर आणि महाड. तिसऱ्या दिवशी वरंधा घाट चढून भोर. वाईला कृष्णा भेटते, तिच्या उगमापर्यंत चढायचं, मग त्याच क्षेत्र महाबळेश्वरात उगम पावणाऱ्या सावित्रीच्या सोबतीनं कोकणात उतरायचं आणि येताना नीरेच्या खोऱ्यातून घरी. एक नदी बंगालच्या उपसागराकडं, दुसरी अरबी समुद्राकडं, आणि तिसरी भीमेतून फिरून पुन्हा कृष्णेलाच. हे आदल्या संध्याकाळच्या बैठकीत कोणी सांगितलं नाही, तिथं फक्त एकूण चढाईचे आकडे दाखवले. माहिती देणाऱ्या तरुणाला चढ मीटरमध्येच दिसतो, त्याला इलाज नाही.

नोंदणीचा फॉर्म मात्र मी पाहिलेल्या फॉर्मांत सगळ्यात चांगला. रक्तगट, औषधं, ॲलर्जी हे सगळे विचारतात. यांनी विचारलं होतं, 'मागच्या कॅसेटमधलं सर्वांत मोठं चक्र किती दातांचं?' कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, त्यातलं चक्र जितकं मोठं तितका चढ हलका. ज्यांचं उत्तर २५ किंवा २८ आलं त्यांना फोन करून सांगितलं, घाटासाठी ३२ किंवा ३४ चं बसवून घ्या, नाहीतर गुडघे बोलतील. माझ्या हायब्रीडला पुढं तीन चक्रं, त्यातलं सगळ्यात लहान २८ चं, आणि मागं ३४. रोडबाइकवाले त्या तीन चक्रांकडं बघून हसतात. पसरणीच्या मधल्या टप्प्यात त्यांतले दोघं सायकल हातात धरून चालत होते. मी हसले नाही, तेवढा दमच उरला नव्हता.

पहिल्या दिवशीची पहिली चूक आयोजकांची आणि ती सगळ्या दिवसभर पुरली. पहाटे पाचला कात्रजहून सगळ्यांना एकदम सोडलं. दिसायला छान दिसतं, लाल दिव्यांची रांग वगैरे, फोटोही झकास येतात. पण जुना कात्रज घाट चढून बोगदा ओलांडेपर्यंत रांगेचे तीन तुकडे होतात आणि पुढच्या तुकड्यात नि शेवटच्यात दर तासाला अंतर वाढत जातं. थांबा ठरलेला अर्ध्या तासाचा. पुढचा माणूस अर्धा तास बसतो. मागचा पोचतो तोवर पुढचे हेल्मेट चढवत असतात आणि मार्शल म्हणतो, 'चला, निघायचंय.' म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्याला ती कमी. शिरवळच्या अलीकडच्या नाश्त्याला मला मटकी आणि पाव मिळाला. तर्री संपली होती, फरसाण संपलं होतं, 'ताई, पोहे करू का गरम?' असं हॉटेलवाल्यानंच विचारलं. आयोजकांपैकी कोणी विचारलं नाही.

महामार्गाचा भाग कंटाळवाणा आहे, त्यावर शब्द घालवत नाही. खंबाटकीची चढण चांगली, ट्रक रांगत असतात त्यामुळे आपल्यालाही वेगवान असल्यासारखं वाटतं. धूर मात्र भरपूर. रुमाल ठेवा.

वाईचं जेवण उत्तम होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, ताक, आणि यावेळी मागच्यांसाठी वेगळं झाकून ठेवलेलं. म्हणजे सकाळची तक्रार कोणीतरी ऐकली होती. ढोल्या गणपतीला लांबूनच हात जोडले. तिथं जाहीर झालं की पसरणी घाट दुपारी तीनच्या आत चढायला लागायचा, नंतर येणाऱ्यांना टेम्पोत बसवणार. नियम योग्य आहे. शनिवार-रविवारला धरून राइड ठेवली की त्या रस्त्यावर संध्याकाळी पर्यटकांच्या गाड्यांची रीघ लागते आणि अंधारात तिथं सायकल नकोच. फक्त हा नियम वाईत भाकरी खाताना सांगायचा नसतो, पैसे घेताना सांगायचा असतो. मी वेळेत होते. एक काका दहा मिनिटांनी चुकले आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

आता पसरणी. शाहीर साबळे यांचं हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या आसपास, आणि मधलं अंतर दहा-बारा किलोमीटर. सरासरी चढ पाच टक्क्यांचा, म्हणजे कागदावर सौम्य. पण सरासरीवर सायकल चालत नाही. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चढतो, त्यामुळं डाव्या वळणावर आपण वळणाच्या आतल्या अंगाला असतो आणि तिथं रस्ता एकदम अंगावर येतो. बाहेरून मोठा वळसा घेतला तर चढ निम्मा वाटतो, पण बाहेर घ्यायला समोरची गाडी दिसायला हवी. इथं या आयोजकांनी एक गोष्ट फार चांगली केली होती. अवघड वळणांवर त्यांची माणसं शिट्टी घेऊन उभी होती. वरून गाडी नसेल तर हात करून ती आम्हाला बाहेर काढत होती. अशी राखण मी दुसऱ्या कोणाकडं पाहिलेली नाही, आणि यातलं शेवटचं माणूस मी तिथून जाईपर्यंत जागचं हललं नव्हतं. शेवटचा सायकलस्वार येईपर्यंत वळणावर उन्हात उभं राहणं हे खरं आयोजन. मेडल नव्हे.

आणि स्वीप. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्वीप म्हणजे सगळ्यांच्या मागं राहणारा, कोणालाही आपल्या मागं न सोडणारा सायकलस्वार. आमचा स्वीप वीस-बावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा होता. सगळ्या घाटभर तो माझ्याशी माझ्या दुकानाबद्दल बोलत होता. जेनेरिक औषधं खरंच तेवढीच चालतात का, उधारी किती थकते, रात्री किती वाजता बंद करता. मला वाटलं पोरगं बडबडं आहे. तिसऱ्या वळणानंतर त्यानं सांगितलं, 'काकू, तुम्ही वाक्य पूर्ण करू शकताय ना, म्हणजे बरोबर चाललंय. अर्ध्यात तुटलं की मी गिअर हलका करायला सांगणार.' दोनदा सांगितलंही. घड्याळ, हृदयाचे ठोके, पायांचा जोर मोजणारे वॉट, कशाचीही भानगड नाही. अशा मुलाला आयोजक किती मानधन देतात कोण जाणे, पण एक-दोन घाट मी यापूर्वी अशाही स्वीपबरोबर चढले आहे जो दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतो आणि 'टेम्पोत बसता का?' असं विचारतो. पाय थकलेले असताना तो प्रश्न ऐकणं म्हणजे दुकान उघडं असताना गिऱ्हाइकानं शटर अर्धं ओढण्यासारखं आहे.

वरून धोमचं पाणी आणि वाईची कौलं दिसतात. दोन मिनिटं थांबलो, त्यानं घाई केली नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर हा टप्पा मी राइडमधून काढूनच टाकला असता. चढ फारसा नाही, पण स्ट्रॉबेरीची दुकानं, गुरेघरजवळ गाड्यांची कोंडी, खिडकीतून बाहेर काढलेले मोबाइल आणि 'कमॉन आंटी' म्हणणारी पोरं. हीच राइड मंगळवार ते गुरुवार ठेवली तर नोकरदार येणार नाहीत हे कळतं. पण डिसेंबरातल्या शनिवार-रविवारला महाबळेश्वर घेणं म्हणजे सायकलस्वारांना गर्दीत सोडणं. नोव्हेंबरातला एखादा साधा आठवडा चालला असता.

मुक्कामाच्या ठिकाणी गरम पाणी बादलीनं मोजून मिळालं. पुढच्यांना दोन, आम्हाला एक. मेकॅनिक मात्र रात्री साडेनऊपर्यंत बल्ब लावून बसला होता. उद्या उतार आहे म्हणून प्रत्येकाचे ब्रेक बघितल्याशिवाय तो झोपणार नाही असं त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. माझे मागचे पॅड त्यानं बदलले, पॅडचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. केबलही ताणून दिली. माणसाला चहा पाजला तर म्हणाला, 'अजून अकरा सायकली आहेत, ताई, तिथंच आणून द्या.'

घाट म्हणजे चढ असं नवीन लोकांना वाटतं. जुन्या लोकांना उताराची भीती वाटते, आणि ती वाटायलाच हवी. आंबेनळी घाट महाबळेश्वरापासून पोलादपूरपर्यंत सुमारे चाळीस किलोमीटर जवळजवळ उतरतच राहतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या रस्त्याचे लचके तुटले होते. दुरुस्ती झाली आहे, पण काही वळणांवर डोंगराकडून खडी वाहून येते आणि ती नेमकी सायकलच्या वाटेत पसरते. दुसऱ्या दिवशी सकाळची सूचनांची बैठक म्हणूनच मला सगळ्या राइडमधली सर्वांत मोलाची वाटली. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा. दर काही किलोमीटरवर थांबून रिमला पाण्याचे थेंब लावून बघा, चुरचुरले तर पाच मिनिटं थांबा. पुढच्याच्या मागं चिकटू नका. कोणालाही ओव्हरटेक करायचं नाही, मार्शललासुद्धा. आणि हे नुसतं सांगितलं नाही. पुढच्या गटातला एकजण जुमानत नव्हता, त्याची सायकल प्रतापगडच्या फाट्याच्या अलीकडंच टेम्पोत चढवली. त्यानं फी परत मागितली. आयोजक बधला नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना बादलीभर पाणी माफ केलं.

एसटीच्या चालकांबद्दल एक वाक्य लिहिलंच पाहिजे. अख्ख्या घाटात सर्वांत सभ्य वाहन लाल डब्याचं. मागून येताना लांबूनच एक हॉर्न, मग सरळ रस्ता येईपर्यंत मागंच थांबणं, मग हातभर नव्हे, चांगली दोन हात जागा सोडून जाणं. सर्वांत असभ्य कोण ते महाबळेश्वरला गेलेल्या कोणालाही विचारा.

वाटेत प्रतापगड दाखवायचं ठरलं होतं. कल्पना चांगली, पण सायकलच्या बुटांना खाली पेडलमध्ये अडकणारी लोखंडी क्लीट असते आणि गडाच्या दगडी पायऱ्यांवर ती घसरते. 'टेम्पोतली बॅग उघडून चपला काढा' एवढं सांगायचं राहिलं. निम्मे लोक फाट्यावरच चहा पीत बसले. मी मोज्यांवर चढले.

खाली पोलादपूरला पोचलो तेव्हा जॅकेट काढून कमरेला, आणि घामाच्या धारा. दोन तासांत थंडीतून उकाड्यात. इथंच एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि प्रथमोपचाराची पेटी उघडली. धंद्यानं दुकानदार असल्यामुळं माझं लक्ष आधी तारखांकडं जातं. वेदनाशामक स्प्रे मुदत उलटलेला. बँडेज पुरेसं, कात्री नाही. ओआरएसची पाकिटं भरपूर होती, आणि मार्शल एक आख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत घालून देत होता. पाकिटावर लिहिलेलं असतं, एक लिटर पाण्यासाठी. जास्त घट्ट केलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, उलट मळमळतं, आणि अंगातलं पाणी आणखी ओढलं जातं. त्याहून वाईट म्हणजे मागेल त्याला वेदनेची गोळी मिळत होती. घाम जाऊन पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. दुखतंय तर थांबा, पाणी प्या, टेम्पोत बसा. गोळी खाऊन पुढं दामटायचं नाही. मी हे तिथंच बोलले. पेटी सांभाळणाऱ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोळ्यांची पट्टी आपल्या पर्समध्ये टाकली. सुधारणा अशीही होते.

बायकांसाठीची सोय हा विषय अशा परीक्षणांत येत नाही, कारण लिहिणारे पुरुष असतात. पहिल्या दिवशी महामार्गावर प्रश्न नव्हता, पेट्रोल पंप आणि हॉटेलांची यादी ग्रुपवर आधीच टाकलेली होती. आंबेनळीत काहीच नव्हतं. आम्ही सात बायका होतो. एकीनं सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, मुद्दाम. घाटात जाणाऱ्या बाईनं पाणी न पिणं हे मुदत संपलेल्या स्प्रेपेक्षा धोक्याचं आहे. एक छोटा तंबू आणि एक मार्शल बाई, एवढंच लागतं. टेम्पोत जागा असते. जिथं 'फिनिश लाइन'ची फुगवलेली कमान मावते तिथं तंबूही मावेल.

महाडचा मुक्काम एका हॉलमध्ये, गाद्या घालून. डास होते, पण जेवणानं सगळं विसरायला लावलं. तांदळाची भाकरी, सोलकढी, मासे खाणाऱ्यांना सुरमई, न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं. बिरडं सुरमईपेक्षा सरस होतं असं सुरमई खाणाऱ्यांचंही मत पडलं. दुपार मोकळी होती तेव्हा काहीजण चवदार तळ्यावर जाऊन आले. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह जिथं झाला तिथं सायकलच्या कपड्यांत जायचं म्हणून मी साधा कुडता घातला.

रात्री मात्र मी, ते टेम्पोत गेलेले काका आणि आमचा स्वीप असे तिघं आयोजकांकडं गेलो. मागणी एकच होती. उद्या वरंधा आहे, आम्हाला आधी सोडा. आयोजक आधी कुरकुरला, 'मग मार्शल दोन गटांत वाटावे लागतील.' स्वीपनं कागदावर वेळा मांडून दाखवल्या. शेवटी ठरलं की सर्वांत हळू गट पावणेपाचला, मधला सहाला, आणि वेगवान मंडळी सातला.

तिसरा दिवस त्यामुळं वेगळाच निघाला. बिरवाडीवरून वरंध, माझेरी, आणि उजाडताना आम्ही घाटाच्या तोंडाशी. ऊन नाही, वाहनं नाहीत. शिवथरघळीकडचे डोंगर निळे दिसत होते. पावसाळ्यात दरडींमुळं हा घाट बऱ्याचदा बंद असतो आणि दरडीखाली गाडलं गेलेलं तळिये याच भागातलं, त्यामुळं कड्याखालून जाताना कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वरंधा पसरणीपेक्षा अवघड आहे, कारण कोकणच्या तळातून थेट घाटमाथ्यावर काढतो. चढ लांबत जातो, पुढचं वळण शेवटचं वाटतं आणि नसतं. पण आमच्या मागून येणाऱ्यांचं ओझं डोक्यावर नव्हतं. सातला निघालेली पोरं आम्हाला घाटाच्या वरच्या अंगाला गाठू लागली. जाताना प्रत्येकजण काहीतरी बोलून गेला. दोन दिवसांत मला त्यांची नावंही माहीत नव्हती, कारण आम्ही एकमेकांना दिसलोच नव्हतो.

वाघजाईच्या देवळापाशी सगळे एकदम जमलो. कांदाभजी कढईतून निघत होती आणि शेवटच्यापर्यंत गरम मिळाली. अशी भजी पुण्यात मिळत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण इतकी भूक पुण्यात लागत नाही.

नवीन येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. माथ्यावर घाट संपत नाही. तिथून भोरपर्यंत नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं, हिरडोशीवरून, रस्ता सारखा खालवर होत राहतो. नकाशात तो उतार दिसतो. पायांना तसा लागत नाही. आयोजकांनी इथं पाण्याचा एक थांबा वाढवला होता, तो बरोबर जागी होता.

भोरला कमान, टाळ्या, मेडल. सायकली गोधड्यांत गुंडाळून, साखळीची बाजू वर ठेवून ट्रकात बांधल्या. माझी चिंचवडला ओरखडा न पडता आली. मेडल घरी 'ह्यांनी' देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं आहे, मला विचारलं असतं तर तेवढ्या पैशात दुसरी स्वीप गाडी मागितली असती. पहिल्या दिवशी स्वीपच्या टेम्पोत पुढच्यांच्या बॅगा भरलेल्या होत्या आणि त्या काकांना पाय दुमडून बसावं लागलं.

कोणी जावं? ज्यांना बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, करायची आहे त्यांनी नको. तिथं २०० किलोमीटर साडेतेरा तासांत स्वतःच्या बळावर मारायचे असतात, इथं तुम्हाला केळी सोलून देतात. ज्यांनी सिंहगडाच्या रस्त्यावर दोन-चार महिने घाम गाळला आहे, पण एकट्यानं घाटात जायला धजावत नाहीत, त्यांनी जरूर जावं. पैसे भरण्याआधी फोनवर विचारा की शेवटचा गट किती वाजता सोडता, स्वीप किती आहेत, कट-ऑफ, म्हणजे ज्यानंतर टेम्पोत बसवतात ती वेळ, कुठं आणि किती वाजता, बायकांसाठी घाटात काय सोय आहे. टी-शर्टचा साइज ते स्वतःहून विचारतील.

हे सगळं मी त्यांना आधी लिहून पाठवलं होतं. प्रथमोपचार पेटीबद्दल त्याच दिवशी उत्तर आलं, नवी यादी करून द्याल का म्हणून. दिली. तंबूचं मान्य केलं. हळू गटाला आधी सोडायचं पुढच्या वेळी सुरुवातीपासून करू म्हणाले. शनिवार-रविवारच्या महाबळेश्वराबद्दल मात्र चकार शब्द नाही, आणि फेब्रुवारीच्या राइडची जाहिरात आली आहे ती शुक्रवार ते रविवारचीच.